कुठे सोडलात?

पिक्चर कसा वाटला, असं भाऊंनी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. ते विचारतात, "कुठे सोडलात?"

समोरचा गोंधळतो. मग भाऊ समजावतात. त्यांचे पिक्चर ज्या छोट्या मराठी ॲपवर लागतात, ते ॲप त्यांना दर आठवड्याला एक आलेख पाठवतं. किती जणांनी पिक्चर सुरू केला आणि कितव्या मिनिटाला किती जण निघून गेले, हे त्यात दिसतं. माणसांची नावं नसतात. नावं भाऊ शोधतात.

वाकडला चौदाव्या मजल्यावर माझ्या मेव्हण्याचा एक आयटीवाला मित्र राहतो. तो बोलता बोलता म्हणाला, अर्ध्यात बंद केला बुवा. रविवारी सकाळी भाऊ त्याच्या दारात उभे. सोबत मी, मान खाली घालून.

"नेमका कुठे सोडलात?"

"ते दोघं वॉटर कूलरपाशी उभे असतात ना, तिथे."

"का?"

"बेल वाजली. जेवण मागवलं होतं."

"नंतर परत का नाही लावलात?"

"विसरलो."

"का विसरलात?"

तो बिचारा बायकोकडे बघायला लागला. मग म्हणाला, "काका, खरं सांगू? पुढे काय होणार याची काही उत्सुकताच राहिली नव्हती."

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी वहीत लिहून घेतलं, त्याला हात जोडले आणि लिफ्टमध्ये मला म्हणाले, "सज्जन माणूस आहे राव. तिसऱ्या 'का'ला खरं बोलला. बहुतेकांना पाच लागतात."

ही कंपनीची खोड. पार्टमध्ये दोष निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. भाऊंनी सत्तावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासले. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. बरोबरच्यांनी त्या पैशांतून फ्लॅटचे हप्ते फेडले, भाऊंनी जुना कॅमेरा घेतला. वहिनी अजून पाहुण्यांना सांगतात, "लोकांनी घर मोकळं केलं, ह्यांनी एक डोळा विकत घेतला."

मी चिंचवड स्टेशनजवळ लग्नाचे व्हिडिओ करतो. वीस वर्षं लोकांच्या अंतरपाटाला स्लो मोशन लावत आलोय. भाऊ त्यांचं पहिलं चित्रण घेऊन माझ्याकडे आले ते एडिटिंगचा दर विचारायला, आणि बसले ते बसलेच. त्यांचे पाचही पिक्चर मी कापले. मी फारसा बोलणारा माणूस नाही. कापणाऱ्याला बोलावं लागत नाही, हे त्या धंद्यातलं एक सुख.

भाऊंच्या खिशाला पेनाऐवजी जाडी मोजायचा व्हर्निअर. चहाच्या टपरीवर एकाच पुड्यातली दोन बिस्किटं मोजायचे आणि टपरीवाल्याला दाखवायचे, "बघ, हे अर्धा मिलिमीटर जाड." टपरीवाला म्हणायचा, "भाऊ, जाडं तुम्ही घ्या आणि गप बसा." त्यावर भाऊंचं ठरलेलं वाक्य, "डोळ्याला बरं दिसतं ते मापात असतंच असं नाही." हेच वाक्य ते मला एखादा सूर्यास्ताचा शॉट काढून टाकताना ऐकवायचे.

त्यांचे पिक्चर इथल्या माणसांचे. नट नाहीत. गेटवरचा गार्ड, फोर्कलिफ्ट चालवणारा, कॅन्टीनमधल्या बायका, जे जिथे आहेत तिथे. कॅमेरा घेऊन आलेल्याला कंपनीत कोण आत घेईल? पण भाऊंना घेतलं. कारण त्यांचा एक नियम कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात पसरला होता.

कंपनीत पाळी सुरू झाली की मशिनमधून निघालेला पहिला पार्ट तपासायला जातो. तो पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. याला म्हणतात फर्स्ट पीस. भाऊंनी तो नियम माणसांना लावला. ज्याचं चित्रण केलं त्याला ते आधी दाखवायचं. तो ओके म्हणाला तर ठेवायचं. नाही म्हणाला तर काढायचं, आणि कारण विचारायचं नाही. "बाकी सगळीकडे पाच वेळा का विचार," ते मला म्हणायचे, "इथे एकदाही नाही."

एका गार्डने स्वतःचा शॉट नापास केला, कारण टोपी वाकडी होती. भाऊ दुसऱ्यांदा गेले. तो म्हणाला, मिशी बसली नाही. तिसऱ्यांदा टोपी, मिशी सगळं जागेवर, पण मागून ट्रक आला. भाऊ चौथ्यांदा जायला निघाले तर गार्डच म्हणाला, "ट्रक राहू द्या. माझ्याच गेटातून चाललाय ना तो."

असे पिक्चर थिएटरला लागत नाहीत. ॲपनं घेतले, मिनिटांवर पैसे. लोकांनी जेवढी मिनिटं बघितलं तेवढं भाऊंना मिळतं. ॲपच्या मुंबईच्या ऑफिसातला एक तरुण व्हिडिओ कॉलवर सांगायचा, "सर, पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी घडायला पाहिजे." भाऊ शांतपणे म्हणायचे, "पहिल्या पाच मिनिटांत आमची मशिनसुद्धा गरम होत नाही हो." पण कॉल संपला की मला म्हणायचे, "पोरगं चूक नाही. पाचची चार करू."

म्हाळुंग्यात कामगारांच्या एका खोलीत सहा जण राहायचे. सबस्क्रिप्शन एकाचं, मोबाईल पाण्याच्या पिंपाला टेकवलेला, समोर सहा डोकी. ॲपच्या लेखी तो एक प्रेक्षक. भाऊंच्या वहीत सहा. एकदा भोसरीच्या टपरीवर एका पठ्ठ्याने भाऊंना, ते कोण हे न ओळखता, त्यांचाच पिक्चर मोबाईलवर दाखवला. कुठल्याशा ग्रुपवर चोरून आला होता. "बघा काका, फुकट!" भाऊंनी शेजारी बसून सगळा पाहिला. संपल्यावर विचारलं, "तुमच्या कंपनीतून कुणी पार्ट खिशात घालून नेला तर?"

"गेटवर धरतात ना राव."

"मग समजा, मी गेटवर उभा आहे."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने तिथल्या तिथे ॲप घेतलं आणि पिक्चर पहिल्यापासून लावला. भाऊ म्हणाले, "आता सावकाश बघ, मिनिटं चालू आहेत."

आज भाऊंचं घर या पिक्चरांवर चालतं. मोठ्या थाटात नाही, पण चालतं. या पट्ट्यात बनलेल्या किती वस्तू इथल्या माणसाला परवडतात? भाऊंचा पिक्चर परवडतो, आणि त्यात तो स्वतः असतो, टोपी सरळ करून. हे मला कुणासमोरही मान वर करून सांगता येतं. माझी मान खरी खाली जाते ती एकाच ठिकाणी, आणि ते आता सांगतो.

भाऊंचा तिसरा पिक्चर कॅन्टीनचा. त्यात एक मावशी होत्या, खेडच्या बाजूच्या, ठेकेदाराकडे चपात्या लाटायच्या. त्यांच्या एका शॉटमध्ये पाळी सुटल्यावर त्या उरलेल्या चपात्या फडक्यात बांधून पिशवीत ठेवतात. चाळीस सेकंद. चपात्या घरी न्यायला ठेकेदाराची मनाई होती. (हे मी इथे लिहितोय ते मावशींना वाचून दाखवून. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.)

भाऊंनी कच्चा पिक्चर मावशींना दाखवला. बाकी सगळ्याला त्या हसल्या. या शॉटला म्हणाल्या, "एवढं नगं." भाऊंनी कारण विचारलं नाही. स्टुडिओत येऊन मला म्हणाले, "मावशींचा चपात्यांचा काढ," आणि जेवायला घरी गेले.

मी काढला. काढून पाहिला. मग परत लावला.

यात कुठलीही चूकभूल नव्हती, हे मला स्पष्ट लिहायचंय. मी शुद्धीत होतो, चहा घेतलेला होता, दुपारचे साडेतीन वाजले होते. मला वाटलं, वीस वर्षं मी वाजंत्री आणि अक्षता कापतोय, आणि हे माझ्या हातून गेलेले सगळ्यांत चांगले चाळीस सेकंद आहेत. मावशींकडे बटणांचा फोन. त्या कुठे ॲप बघणार? असा हिशेब मी केला. त्या ॲप बघणार नाहीत, पण त्यांचा सुपरवायझर बघेल, त्यांच्या लेकीच्या सासरचे बघतील, एवढं काही मला कळत नव्हतं असं नाही. कळून मी ते बाजूला ठेवलं.

आणि भाऊंनी शेवटची फाईल तपासली नाही. ज्या माणसाने बिस्कीट मोजल्याशिवाय खाल्लं नाही, त्याने! कारण पहिल्या दोन पिक्चरांनंतर त्यांनी मला बढती दिली होती. कंपन्यांत एखादा पुरवठादार वर्षानुवर्षं चोख माल देतो, तेव्हा त्याचा माल न तपासता थेट लाइनवर घेतात. "आजपासून तू त्यातला," भाऊ म्हणाले होते आणि त्या आनंदात वहिनींच्या हातचे बेसनाचे लाडू घेऊन आले होते. हा मान त्यांनी आयुष्यात फार थोड्यांना दिला असेल.

पिक्चर लागला आणि खूप चालला. त्या चाळीस सेकंदांवर तर आलेखाची रेघ खाली यायचं नावच घेईना. लोक मागे जाऊन पुन्हा बघत होते. दोन आठवड्यांत सुपरवायझरने मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मावशी भाऊंच्या घरी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. वहिनी पाणी घेऊन गेल्या, ते घेतलं नाही.

"तुमी म्हनला व्हता, न्हाई म्हनलं तर न्हाई."

"हो, म्हणालो होतो."

"मग ह्ये काय? ईहीनबाई फोन करून ईचारती, उष्टं खाऊन पोर वाढवली का म्हून."

भाऊंनी मोबाईल काढला, पिक्चर लावला, त्या जागेवर गेले. बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. सत्तावीस वर्षांत कधी ब्रेकचा खराब पार्ट त्यांच्या हातून सुटून रस्त्यावर गेला असता तर त्यांचा चेहरा असा झाला असता. ते माझ्याकडे वळले. "कुठली फाईल गेली?"

मी म्हणालो, "जुनी गेली असेल."

तीन शब्द. कंपनीत राहिलेल्या माणसाला यापेक्षा पटणारं दुसरं काही नाही. ड्रॉइंग बदललेलं असतं, पण मशिनपाशी जुनंच पडून राहतं, आणि सगळा माल त्याबरहुकूम निघतो. भाऊंनी असे ढीग पाहिले होते. त्यांनी लगेच मान डोलावली. "जुनी तुझ्याकडून काढून घ्यायची माझी राहिली. चूक माझी." मावशींसमोर त्यांनी हात जोडले. मावशी काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. भाऊ सगळं ऐकत उभे होते आणि मी सोफ्यावर बसून होतो.

त्या संध्याकाळच्या आत भाऊंनी पिक्चर ॲपवरून उतरवला. मुंबईचा तरुण गयावया करत होता, "सर, आपण फक्त तेवढा भाग काढू, दोन दिवसांत परत लावू." भाऊ म्हणाले, "त्यांनी ओके दिलेला माल हा नव्हता. आता त्यांच्याकडे पुन्हा ओके मागायला मला तोंड नाही." तो पिक्चर अजून कुठेच नाही. त्यानंतर दीड वर्ष भाऊ भोसरीच्या एका शेडमध्ये रोजावर पार्ट तपासत होते. उरलेल्या वेळात पुढच्या पिक्चरचं काम. गेटागेटावर जाऊन स्वतःच सांगायचे, "माझ्याकडून एका बाईला दिलेला शब्द मोडलाय. हे ऐकून तुम्हाला यायचं असेल तर या." काही जण मागे फिरले. बरेच आले.

आणि त्यांनी कंपनीच्या पद्धतीने एक कागद तयार केला. दोष, कारण, उपाय, जबाबदार. 'जबाबदार'समोर स्वतःचं नाव, खाली सही. तो कागद त्यांनी माझ्या स्टुडिओत, माझ्या स्क्रीनच्या बरोबर वर चिकटवला. "दोघांच्या डोळ्यांसमोर राहील," म्हणाले. चार वर्षं मी त्या कागदाखाली बसून त्यांचे पिक्चर कापले. प्रत्येक पिक्चर पूर्ण झाला की ते शेवटपर्यंत बघायचे, आणि दर वेळी म्हणायचे, "तुझ्यावर अविश्वास नाही हं, राव. मीच गबाळा आहे." आता तिथे चिकटपट्टीचे चार डाग आहेत.

मला तोंड उघडायला चार वर्षं लागली, आणि तेही मी होऊन उघडलं नाही. गेल्या हिवाळ्यात चिंचवडच्या एका हॉलमध्ये भाऊंना बोलायला बोलावलं होतं. समोर पिक्चर करू बघणारी मंडळी. कुणी लेथवर काम करणारा, कुणी कॉल सेंटरमधली. ॲपवर पोट कसं भरतं, हा विषय. भाऊ मिनिटांवर बोलले, आलेखावर बोलले, लोक हसले. मग एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक कुठली?"

भाऊंनी मावशींची गोष्ट सांगितली. नाव न घेता, कुठलीही सारवासारव न करता. "मी निष्काळजी होतो," ते म्हणाले, "आणि एका बाईची भाकरी गेली." हॉलभर टाळ्या. दुसऱ्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या. माझे हात वाजताना मला दिसले.

पार्किंगमध्ये भाऊ स्कूटरवर बसले होते, हेल्मेट घातलेलं. मी म्हणालो, "भाऊ, ती जुनी फाईल नव्हती."

"काय?"

"मावशींचा शॉट. तुम्ही काढायला सांगितल्यावर मी काढला होता. परत मीच लावला. मुद्दाम."

त्यांनी हेल्मेट काढलं. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हेल्मेट परत घातलं, पट्टा लावला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मला सांगून काय होणार? नोकरी काय माझी गेली होती? बस मागे."

मोशी, टोलनाका, चाकणचा चौक. त्या सगळ्या गर्दीतून भाऊंनी स्कूटर काढली. मावशींची आता चाकणला खानावळ आहे, स्वतःची, दोन बायका हाताखाली. उभी केली त्यांनी एकट्याने, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. आम्ही दारात गेलो तेव्हा त्या परातीत पीठ मळत होत्या. भाऊंना बघून त्यांनी मान फिरवली.

"मावशी, ह्यांना बोलायचंय," भाऊ म्हणाले, आणि बाजूला सरकून मला पुढे केलं.

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं. मावशींचे हात पिठात थांबले. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भाऊंना विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

"आत्ता कळलं. तासाभरापूर्वी."

"मग म्या एवढं बोलले तवा गप का ऱ्हायला? म्हनायचं व्हतं, कापनाऱ्याची चूक हाय. त्याला जाऊन बोला."

"पिक्चरवर नाव माझं होतं, मावशी."

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. मग माझ्यासमोर आल्या.

"काय व्हतं ओ त्यात एवढं, का तुमाला काढवंना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं. मी म्हणालो, "चपात्या बांधायच्या आधी तुम्ही एकेक उचलून तिचं पीठ झटकलंत. कडेला कड लावलीत. कुणी पाहुणा जेवायला येणार असल्यासारखं."

त्यांनी परातीतल्या पिठावर फडकं टाकलं.

"घरच्यांसाठी व्हत्या त्या," त्या म्हणाल्या. "अजून कशा बांधनार?"

मी माफ करा म्हणालो, ते त्यांनी ऐकलं. त्या माफीला ओके म्हणाल्या नाहीत. अजूनही म्हणालेल्या नाहीत, आणि मी कारण विचारणार नाही.

"ह्यांना वाढते मी," मावशी म्हणाल्या. "तुमी भाईर बसा."

मी बाहेर बाकड्यावर बसलो. समोरून पाळी सुटलेल्या कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या. आतून मावशींचा आवाज आला, मोठा, घरात बोलावं तसा.

"घ्या ओ भाऊ अजून एक. तव्यावरची हाय."

भाऊ नको म्हणाले नाहीत.